बिनशिंगी घराणं

गल्लीत नवा माणूस आला आणि आत्याचं घर विचारू लागला, की त्याला घराचा नंबर कुणी सांगत नसे. भुंड्या शेळ्यांचं घर ना, मग पिठाच्या गिरणीवरून सरळ जा, हिरवं फाटक दिसेल, एवढं सांगितलं की पुरे. भुंड्या म्हणजे बिनशिंगी. त्या घरातल्या एकाही शेळीच्या डोक्यावर शिंग नव्हतं. डोकी कशी नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. आत्याला या गुळगुळीतपणाचा इतका अभिमान होता, की दूध न्यायला आलेल्या माणसाला आधी दोन-चार डोक्यांवरून हात फिरवून वाहवा म्हणावं लागे, आणि मगच त्याच्या भांड्यात दूध पडे.

यामागचं कारण जुनं होतं. आत्या अकरा वर्षांची असताना गव्हाणीत पाला टाकायला वाकली आणि नेमकी त्याच क्षणी एका शेळीनं माशी हाकलायला मान झटकली. शेळीचा काही दोष नव्हता. माशीचाही नसावा. पण आत्याचा डावा डोळा गेला तो गेलाच. याबद्दल ती पुढं कधी रडगाणं गात बसली नाही. वाढणाऱ्यानं उजव्या बाजूनं यावं आणि शेळीनं शिंगांशिवाय यावं, ही तिची दोन कलमं मात्र घरात कायदा होऊन बसली.

वडील गेले तेव्हा शेळ्या तिच्या ताब्यात आल्या. भाऊ होता, पण तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून, आणि शेळी जवळ आली की फाईल पुढं धरणारा. आत्यानं कुठून कुठून चौकशी करून एक बिनशिंगी बोकड आणला आणि वडिलांच्या शिंगांच्या शेळ्यांशी त्याची गाठ घातली. पिलांतली भुंडी निघतील ती ठेवायची, शिंगांची निघतील ती दूध सुटलं की समोरच्या टेलरबाईंना देऊन टाकायची. टेलरबाई फुकटातलं शिंग आनंदानं घ्यायच्या. असं करता करता तीस वर्षांत गल्लीच्या या बाजूला गुळगुळीत डोक्यांचं घराणं उभं राहिलं आणि त्या बाजूला, शिलाई मशीनच्या मागच्या अंगणात, शिंगांचं जंगल.

माणसांची नाती आत्याच्या लक्षात राहत नसत. भावाच्या मेहुण्याची मुलगी कुठं दिली, हे तिला दर वेळी नव्यानं सांगावं लागे. पण शेळ्यांच्या सात पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ. कोण कुणाची लेक, कुणाला कोणत्या बोकडाकडून जुळं झालं, कुणाच्या कासेला उजवीकडे जास्त दूध, हे ती भाजी निवडता निवडता सांगे. भावाची मुलगी, म्हणजे तिची भाची, लहानपणापासून शेजारी बसून हे ऐकत आलेली. दुसऱ्या मुली गोष्टी ऐकत झोपत, ही शेळ्यांच्या वंशावळी ऐकत झोपे.

त्या भाचीला त्या वर्षी नोकरी लागली. दोन तासांच्या रस्त्यावर लहान मुलांची एक निवासी शाळा होती. तिथं मुलांच्या दुधासाठी छोटा गोठा काढायचा होता आणि तो सांभाळायला माणूस हवा होता. मुख्याध्यापिकेनं एकच अट घातली: गोठ्यात शिंग नको, कारण मुलं दिवसभर तिथंच लोळणार. भाची म्हणाली, आमच्या घरी दुसरं काही नाहीच. मुख्याध्यापिका खूश झाल्या आणि म्हणाल्या, मग दोन तुमच्याच घरच्या आणा, नव्या वर्षापासून सुरू करू.

ही बातमी ऐकून आत्याची मान जी ताठ झाली ती आठवडाभर खाली आली नाही. तिनं जागच्या जागी दोन शेळ्या नक्की केल्या. एक गोधडी, म्हणजे ठिगळाठिगळांच्या रंगाची, शांत, भरपूर दुधाची. आणि दुसरी गोधडीचीच लेक, बाहुली. बाहुली दोन वर्षांची पाट होती, म्हणजे अजून एकदाही न व्यालेली तरणी शेळी. पण दिसायला अशी, की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरे. उंच, भरदार मानेची, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. शाळा सुरू व्हायला आठ महिने होते. दोघी आत्ता गाभण राहिल्या तर पाच महिन्यांनी विणार, आणि भाची दुधाच्या शेळ्या घेऊन ऐटीत जाणार. हिशेब चोख होता. फक्त शेळ्यांना तो कुणी सांगितला नव्हता.

गोधडी माजावर आली, घरच्या बोकडाकडे, कारभाऱ्याकडे, नेली, आणि एकवीस दिवसांनी परत माजावर आली. म्हणजे उलटली. पुन्हा नेली, पुन्हा उलटली. कारभारी म्हणजे आत्याच्या घराण्याचा कळस. या बोकडाचं वैशिष्ट्य असं, की चार वर्षांत त्याच्या पोटी शिंगाचं एकही पिलू झालं नव्हतं. आधीच्या बोकडांना अधूनमधून होत असत, याला एकही नाही. आत्या म्हणायची, रक्त शुद्ध झालं की असं होतं.

आणि बाहुली तर माजावर येतच नव्हती. आत्यानं तिला मोड आलेलं धान्य घातलं, मिठाची चाटण टांगली, तिची जागा बदलली. बाहुली सगळं खाऊन आणखी चकाकू लागली. एवढंच नाही, तर तिला हल्ली वास येऊ लागला होता, उग्र, बोकडासारखा. आत्यानं ठरवलं की तो कारभाऱ्याचाच, कुडाच्या फटीतून येतो. नाक तिचं तीक्ष्ण होतं, पण माणसाचं नाकही मनाला विचारूनच काम करतं.

डॉक्टरला बोलवायचं भाचीनं सुचवलं. आत्या म्हणाली, तो काय करणार, पावडर देणार. आधीचा डॉक्टर खरंच तेवढंच करत असे. पण तो बदलून गेला होता आणि नवा आला होता, सव्वीस वर्षांचा, चष्म्याचा, बोलताना दोन्ही हात हलवणारा. तो आला, त्यानं डोक्यांवरून हात फिरवला, वाहवा म्हणाला, म्हणजे सुरुवात तरी बरी झाली.

गोधडीला तपासून तो म्हणाला, हिच्यात काही खोट नाही. कारभाऱ्याला तपासताना त्याचा हात एका जागी थांबला. बोकडाच्या वृषणापाशी घट्ट गाठ होती. वाट बंद झाली असावी, तो म्हणाला, काम उत्साहानं करतो पण पोचत काही नाही. आत्याला हे मुळीच आवडलं नाही, पण तिनं ऐकून घेतलं. मग त्यानं बाहुलीची शेपटी उचलली, पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"आत्या, ही पाट नाही."

"मग काय, टेबल आहे?"

"बोकडही नाही," डॉक्टर म्हणाला. "अधलीमधली आहे. बाहेरून शेळी, पण इथं बघा, वाटाण्याएवढं काय आहे ते. आत गर्भाशय धड नसणार. ही कधीच विणार नाही."

भाचीनं वाकून पाहिलं आणि हळूच मान हलवली. वाटाणा होता. आत्यानं पाहिलंच नाही. ती बाहुलीच्या तोंडाकडे उभी राहिली, जणू बाहुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टर मग समजावू लागला. आई भुंडी आणि बापही भुंडा असला, की त्यांच्या काही माद्या अशा निघतात. सगळ्या नाही, काही. बिनशिंगीपणा एका बाजूनं आला तर काही बिघडत नाही, दोन्ही बाजूंनी आला तर मादीची घडण चुकते. आणि ज्या बोकडाला एकही शिंगाचं पिलू होत नाही, त्याच्यात तो दुहेरी असतो, म्हणून त्याच्या लेकींत अशा जास्त. थोडक्यात, आत्या ज्याला कळस समजत होती, तिथंच गळत होतं. यापुढं या शेळ्यांना शिंगांचाच बोकड दाखवायचा, दुसरा उपाय नाही.

आत्यानं शांतपणे विचारलं, "तुमचं वय काय म्हणालात?"

"सव्वीस."

"माझं हे घराणं तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठं आहे."

दुसरा कुणी असता तर बॅग उचलून निघाला असता. हा हसला. म्हणाला, सगळ्या गल्लीत ऐकतोय, तुम्हाला सगळं पाठ आहे. मग एकदा बसा आणि ज्या ज्या कधीच व्याल्या नाहीत त्यांची आठवण काढा, आणि त्यांच्या आईबापांची. एकीचाही बाप किंवा आई शिंगांची निघाली, तर मी महिनाभर येऊन लेंड्या झाडीन. आत्या म्हणाली, झाडू दारामागे आहे. आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं.

तीन दिवस घरात भांडी जरा जोरात ठेवली जात होती, एवढंच. कारकून भाऊ बिचारा ऑफिसातून मुद्दाम उशिरा येऊ लागला. आत्याला राग डॉक्टरचा नव्हता. भाचीनं शाळेत शब्द दिला होता आणि तो शब्द मुळात आत्याच्या जिवावर दिलेला होता. शाळेत रिकाम्या हातानं गेली, तर मुलीची नोकरी पहिल्याच दिवशी लंगडी होणार. आणि बाहुलीला तशीच नेली तर त्याहून वाईट.

चौथ्या दिवशी भाची तिला ओढून समोर घेऊन गेली. गोठ्यात घालायच्या कोटाचं माप द्यायचं होतं. टेलरबाईंचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. दोन मशीन, भिंतीला टेकवलेला आरसा, तोंडात नेहमी दोन टाचण्या, त्यामुळे बाई बोलत ते ओठांच्या एकाच कोपऱ्यातून. आत्याची आणि त्यांची मैत्री तीस वर्षांची, आणि टोमणेही तितकेच जुने. एक म्हणे, तुझ्या बोडक्या. दुसरी म्हणे, तुझ्या दरोडेखोर.

कापड मोजून होईपर्यंत भाचीनं बटणांचा डबा पुढं ओढला आणि म्हणाली, आत्या, सांग. जी कधीच व्याली नाही अशी पहिली कोण? बाप किंवा आई शिंगांची असेल तर काळं बटण, भुंडी असेल तर पांढरं.

आत्या आधी नको म्हणाली. पण शेळ्यांची सोयरीक विचारल्यावर तिच्यानं गप्प बसवत नसे. तिनं मखमलपासून सुरुवात केली. मखमलची आई सायली, भुंडी. बाप पहिल्या बोकडाचा मुलगा, भुंडा. दोन पांढरी. मग पिंगळी, तिची आई भुंडी, बापही तोच, भुंडा. पुन्हा दोन पांढरी. मग नकटी आणि रेशीम, सख्ख्या बहिणी, चार पांढरी. सांगता सांगता आत्याचा आवाज मऊ होऊ लागला. या सगळ्यांना तिनं त्या त्या वेळी नावं ठेवली होती. मखमल थंड, पिंगळी माजोरी, नकटी खादाड, रेशीमला तिनं नळाचं पाणी बाधलं म्हटलं होतं. एकेकीला दोन-दोन वर्षं धान्य चारून, मग तोंड फिरवून देऊन टाकलं होतं. कुणाच्या बापाबद्दल तिनं कधी शंका घेतली नव्हती. बाप सगळे देखणे होते.

चौदावी आली तेव्हा डब्यातली पांढरी बटणं संपली. काळं एकही बाहेर आलं नव्हतं.

"आणि तुझ्या वडिलांच्या वेळी?" टेलरबाईंनी टाचण्या काढून विचारलं.

वडिलांच्या वेळी घरात एकही भाकड शेळी नव्हती. बिनशिंगी बोकड आल्यावरही, जोवर शेळ्या शिंगांच्या होत्या तोवर, एकही नव्हती. आत्याला ते चांगलं आठवत होतं. आठवत होतं हीच तर पंचाईत होती.

टेलरबाई म्हणाल्या, माझ्याकडे तुझीच टाकलेली पिलं, त्यांच्याच लेकीनाती, इतक्या वर्षांत एक रिकामी राहिली नाही. मी आपली समजत होते माझ्या हाताला यश आहे. मग त्यांनी आत्याकडे बघून ते सांगून टाकलं जे तिघींच्याही मनात होतं: हवालदार आहे की माझा. तुझ्याच जुन्या कळपातला, पाच पिढ्या लांबचा.

हवालदार हा त्यांचा बोकड. त्याची शिंगं मागं वळून पुन्हा बाहेर फाकलेली, थेट पिळलेल्या मिशांसारखी, म्हणून हे नाव.

"शिंगांसकट यायचा?" आत्या म्हणाली.

"नाही, शिंगं घरी ठेवून येईल तो. खुंटीला अडकवून."

आत्या हसली नाही. तिचा हात नकळत डाव्या गालाकडे गेलेला भाचीनं पाहिला, आणि टेलरबाईंनीही. टेलरबाईंनी मग चेष्टा सोडली. कपाटातून अस्तराचा एक तुकडा काढला, त्यात कापूस भरून बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, टोप्या शिवते. टोकांना जाड गादी घालते, हनुवटीखाली नाडी. आजवर सगळ्यांचे कपडे शिवले, शिंगांचेच राहिले होते.

आत्या उठली. दारात थांबून म्हणाली, टोपीचं कापड चांगलं घे, माझ्या फाटकातून यायचंय त्याला. त्या घराच्या भाषेत याला होकार म्हणत.

आता प्रश्न वेळेचा होता. डॉक्टरला परत बोलावलं. या वेळी चहा मिळाला, आणि झाडू दारामागेच राहिला. तो म्हणाला, गोधडीचा पुढचा माज चुकवू नका. तो जेमतेम दीड दिवस टिकतो, आणि चुकला की आणखी तीन आठवडे, मग शाळेची तारीख गाठायची नाही. गोधडी होती मुलखाची सोशिक, माजावर आली तरी फारसा गाजावाजा करत नसे. कारभारी आता गाठीपायी दुखणाईत, त्याला वेगळं ठेवलेलं. मग कळणार कसं?

डॉक्टर म्हणाला, बाहुलीला विचारा.

आत्याला वाटलं, हा पुन्हा चेष्टा करतो. पण तो खरंच सांगत होता. बाहुलीचं अर्धं अंग बोकडाचं आहे, त्यामुळे बोकडाला जे कळतं ते तिला कळणार, आणि तिच्याकडून धोका काही नाही. तिला गोधडीबरोबर सोडा आणि नुसतं बघत राहा. आत्यानं बाहुलीकडे पाहिलं. इतके दिवस ती वासाला कुडाची फट कारण म्हणून देत होती. आता तिनं पुढं होऊन बाहुलीच्या मानेत नाक खुपसलं, भरपूर वास घेतला आणि म्हणाली, बरं बाई, तू जी काही असशील ती, उद्यापासून कामाला लाग.

मागच्या माजानंतरच्या सतराव्या दिवसापासून भाची सकाळ-संध्याकाळ पाळत ठेवू लागली. विसाव्या दिवशी सकाळी बाहुलीनं धान्य सोडलं, हेच पहिलं आश्चर्य. ती गोधडीच्या मागं मागं फिरू लागली, वरचा ओठ दुमडून आभाळाकडे बघू लागली, पुढचा पाय आपटत घोगऱ्या आवाजात काहीबाही पुटपुटू लागली. एरवीची सोशिक गोधडी जागच्या जागी उभी राहून शेपटी हलवत होती.

भाची रस्ता ओलांडून धावली. टेलरबाई एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होत्या. हात वर करून उभ्या असलेल्या त्या माणसाला तसाच सोडून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि पाच मिनिटांत हवालदार गल्लीत अवतरला. दोन्ही शिंगांवर फुलाफुलांच्या कापडाच्या गुबगुबीत टोप्या, हनुवटीखाली नाडीची गाठ, आणि चेहऱ्यावर असा भाव, की कामापुढं पोशाखाचं काय एवढं. गिरणीवाला पीठ तसंच सोडून बाहेर आला. माप अर्धवट राहिलेलं गिऱ्हाईकही मागोमाग आलं, हात अजून थोडे वरच.

गोधडी अनोळखी बोकडापुढं उभी राहायची ती फक्त आत्यानं धरली तर. भाचीनं प्रयत्न केला, तर गोधडी गोल गोल फिरू लागली. म्हणून आत्यानं पुढं होऊन तिचा पट्टा धरला. तेवढ्यात फाटकाच्या कडीला अडकून हवालदाराची एक टोपी सटकली. पिळदार शिंग सकाळच्या उन्हात उघडं पडलं. नाडी सुटल्यानं दुसरी टोपीही लोंबायला लागली. टेलरबाई ओरडल्या की थांब, परत बांधते. पण हवालदार थांबायला आला नव्हता. त्याला वाट मिळाली ती आत्याच्या डाव्या बाजूनं.

तिकडं आत्याला काही दिसत नव्हतं. फक्त खुरांचा आवाज आणि वास, आणि वास अगदी जवळ. सत्तेचाळीस वर्षांत तिनं या बाजूनं शिंग येऊ दिलं नव्हतं. भाची म्हणाली, आत्या, सोड, बाजूला हो, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. आत्याची बोटं पट्ट्यावर पांढरी झाली होती.

"धरलीय मी," ती म्हणाली. "येऊ दे त्याला."

शेळ्यांचं सगळं काम अर्ध्या मिनिटाचं. ते झालं. खाली उतरताना हवालदाराचं उघडं शिंग आत्याच्या कोपराला घासून गेलं आणि तिथंच टेकून राहिलं, कारण त्यालाही आता कुठं जायची घाई नव्हती. आत्यानं पट्टा सोडला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या शिंगावर हात ठेवला. बुडाशी ते कोमट होतं. शिंग कोमट असतं, हे ती विसरून गेली होती. लहानपणी थंडीच्या दिवसांत ती वडिलांच्या शेळ्यांच्या शिंगांवर हात शेकत असे. अकराव्या वर्षाआधीची ही एक गोष्ट तिच्या इतक्या मोठ्या आठवणीतून कशी काय निसटली होती, कोण जाणे.

त्या सकाळपासून घरात सगळे दिवस मोजू लागले. विसाव्या, एकविसाव्या आणि बाविसाव्या दिवशी बाहुली गोधडीकडे ढुंकूनही न बघता धान्य खात राहिली. आत्या म्हणाली, ही खात्येय म्हणजे ती राहिली. डॉक्टरनं पुढं तपासून तेच सांगितलं. त्या दिवसापासून आत्या त्याला अरे-तुरे करू लागली आणि तो त्या घरचा झाला. टेलरबाईंनीही बाहुलीची कीर्ती ऐकून तिला आठवड्यातून दोनदा आपल्या अंगणात कामाला बोलावणं सुरू केलं. ज्या घरातून तीस वर्षं फक्त नको असलेली पिलं समोर जात, तिथून आता मानानं तज्ज्ञ जाऊ लागली.

गोधडी सकाळी नऊच्या सुमारास व्याली, कुणाला त्रास न देता. जुळं झालं, दोन्ही माद्या. भाचीनं पिलं पुसली आणि दोघी आत्याच्या मांडीवर ठेवल्या. पहिल्या दिवशी शिंग दिसत नाही, पण जाणत्याला डोक्यावरचे केस सांगतात. एकीचे केस सपाट बसलेले. दुसरीच्या डोक्यावर, बरोबर शिंगांच्या जागी, दोन भोवरे. गिरणीवाला म्हणाला, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. आत्या म्हणाली, शेळीला दोन म्हणजे कमीच.

डॉक्टरला तिनं दोघींच्या शेपट्या दोन-दोनदा उचलून बघायला लावल्या. दोघी चोख होत्या. भुंड्या पिलाकडे बोट दाखवून तो म्हणाला, हिच्यात बिनशिंगीपणा फक्त आईकडून आलाय, ही नक्की विणार. म्हणजे शाळेला दोन झाल्या: दुधावर आलेली गोधडी आणि तिची ही लेक. ठरल्याप्रमाणे नाही, पण शब्दाला धरून.

टेलरबाई जुन्या शिरस्त्याप्रमाणे दुसऱ्या पिलाचं विचारून गेल्या, की दूध सुटलं की पाठव. आत्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. महिनाभरात त्या पिलाच्या डोक्यावर बोरांएवढी दोन टोकं आली. आत्या रोज बोटानं ती दाबून बघे. शाळेची तारीख आली तेव्हा ते पिलू वरच्या दुधावर, बाटलीवर, आत्याच्या खाटेच्या पायाला बांधलेलं होतं.

शाळेनं छोटा टेम्पो पाठवला. मागं भुसा अंथरला, गोधडी आणि तिची भुंडी लेक चढवली. भाचीच्या हातात नवा कोट, डोळे भरलेले, म्हणून ती उगाच कामाचंच बोलत होती. औषधं घेतली, पट्टे घेतले, बाटली घेतली. मग म्हणाली, आत्या, पुढच्या वर्षी तिकडं बोकड लागेल. तिथं जवळ एकाकडे भुंडा बोकड आहे म्हणतात, फार देखणा.

"देखणा असू दे नाही तर गाणारा असू दे," आत्या म्हणाली. "शिंगांचाच बघ. मुख्याध्यापिका काही म्हणाल्या तर मला भेटायला सांग. बोकडाला चार दिवस पाहुणा म्हणून आणायचं आणि परत पाठवायचं, पण शिंगांचाच."

"आणि मग अर्धी पिलं शिंगांची होतील त्यांचं काय करू? शाळेत तर चालायची नाहीत."

आत्यानं क्षणभर समोरच्या दुकानाकडे पाहिलं. टेलरबाई टाचण्या तोंडात धरून दारात उभ्या होत्या, कान इकडेच.

"मला पाठव," ती म्हणाली.

मग तिनं टेम्पोच्या मागचा अडसर स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला, आणि उजवीकडून पुढं जाऊन ड्रायव्हरला बजावलं, की वळणांवर हळू घे बाबा, आत लेकुरवाळी आहे.